लहान मुलांना विज्ञानाचा कार्यक्रम दाखवताना: निवडीपासून प्रयोगापर्यंत, क्रमाने

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी विज्ञानाच्या मालिका आता भरपूर आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मनापासून केलेल्या आहेत. तरी पालकांची आणि बालवाडीच्या ताईंची तक्रार एकच असते. मूल भाग आवडीने बघतं, गाणं पाठ करतं, ‘तरंगतं’ आणि ‘बुडतं’ हे शब्दही वापरतं; पण बादलीत काय बुडेल असं विचारलं की पुन्हा ‘जड असेल ते’ एवढंच म्हणतं.

अशा वेळी दोष बहुतेकदा मालिकेचा नसतो, क्रमाचा असतो. टीव्ही आधी लागतो, काय दाखवायचं याचा विचार नंतर होतो आणि साहित्याची शोधाशोध सगळ्यात शेवटी. भांडं सापडेपर्यंत मूल दुसऱ्या खेळात रमलेलं असतं. भागाने मुलाच्या मनात एक प्रश्न उभा केला की त्याचं काम झालं. उत्तर मुलाला स्वतःच्या हाताने सापडायला हवं, आणि खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत. उदाहरण म्हणून ‘बुडणं-तरंगणं’ हा एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे. दुसऱ्या विषयांना क्रम हाच.

## टप्पा 1: आधी वय, मग वेळ

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बसून पडदा पाहणं नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तितकं चांगलं. यामागे आरोग्याचं कारण तर आहेच, पण शिकण्याचंही आहे. साधारण अडीच वर्षांपर्यंत मूल समोरच्या माणसाने केलेली कृती बघून जेवढं शिकतं, त्यापेक्षा तीच कृती पडद्यावर बघून बरंच कमी शिकतं. म्हणून या लेखातली पद्धत तीन वर्षांनंतरच वापरा. त्याआधी पाण्याचं भांडं आणि तुम्ही, एवढं पुरतं.

एका बैठकीला दहा-बारा मिनिटांची एकच गोष्ट ठेवा. अर्ध्या तासाच्या भागात अनेकदा दोन गोष्टी असतात. पहिली झाली की थांबायचं. तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ हाताने करून बघण्यासाठी राखून ठेवा. तो वेळ आज नसेल तर भागही आज नको.

सावध: मोठ्यांचा टीव्ही मागे चालू ठेवून मुलाला खेळायला बसवू नका. ते पडद्याकडे फारसं बघत नसलं तरी त्याचा खेळ तुकड्यातुकड्यांत होतो आणि एका खेळण्यावर लक्ष कमी वेळ टिकतं. प्रयोगाच्या वेळी तर पडदा पूर्ण बंदच हवा.

## टप्पा 2: भाग निवडणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं असणं, रंगीत चित्रं, ओळखीचं पात्र या गोष्टींवरून निवड होते. त्याऐवजी पुढच्या कसोट्या लावा.

पहिली कसोटी सगळ्यात महत्त्वाची. भागाची गोष्ट एका वाक्यात सांगून बघा. ‘बदकाचा चेंडू तळ्यात पडला, तो वर का आला हे शोधलं आणि त्यावरून बाहुलीसाठी तराफा केला’ या वाक्यात तरंगणं वगळलं तर गोष्टच उरत नाही. असा भाग घ्या. ‘दोन मित्र भांडले, पुन्हा एकत्र आले आणि मध्ये एकाने सांगितलं की लाकूड तरंगतं’ हा भाग सोडून द्या. लहान मुलाचं लक्ष मर्यादित असतं आणि त्यातलं बहुतेक गोष्ट समजून घेण्यात खर्च होतं. विज्ञान गोष्टीच्या बाहेर लटकत असेल तर त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

दुसरी कसोटी: आवाज बंद करून दोन मिनिटं बघा. घटना चित्रात खरोखर घडताना दिसते का? वस्तू हातात घेतली, पाण्यात सोडली, खाली गेली, हे सगळं कॅमेरा न हलता सलग दिसलं पाहिजे. नुसती पात्रं उभी राहून बोलत असतील तर मुलापर्यंत शब्दच पोहोचतील.

तिसरी, वेग. चार वर्षांच्या मुलांवरचा 2011 सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात फक्त नऊ मिनिटं भरधाव, अद्भुत घटनांनी भरलेलं कार्टून बघितलेली मुलं लगेच दिलेल्या संयमाच्या आणि लक्ष देण्याच्या कामांत, चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. तुम्हाला नंतर मुलाकडून शांतपणे निरीक्षण करून घ्यायचं आहे, तेव्हा त्याआधी असा भाग दाखवणं म्हणजे आपणच आपलं काम अवघड करणं.

चौथी, खरी मुलं आणि खऱ्या वस्तू. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘पीप अँड द बिग वाइड वर्ल्ड’ या मालिकेत प्रत्येक कार्टून गोष्टीनंतर खरी मुलं तीच कल्पना हाताळताना दिसतात. ही रचना मला फार मोलाची वाटते. आपल्याएवढ्या मुलाचे हात पाण्यात गेलेले दिसले की पाहणाऱ्यालाही ‘हे मला करता येईल’ असं वाटतं.

बोलणारे प्राणी असलेले भाग पूर्णपणे टाळायची गरज नाही. विषय पाणी, सावली, उतार असा असेल तर पात्र बेडूक असो की मुलगी, फारसा फरक पडत नाही. विषयच प्राणी असेल तेव्हा मात्र कपडे घालून शाळेत जाणारा बेडूक नको. बेडूक काय खातो, कुठे राहतो हे शिकवायचं असताना त्याच्या तोंडी माणसाचे विचार घातले की मूल खऱ्या बेडकालाही तेच चिकटवतं.

तपासा: या भागातून मुलाने एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती कोणती, हे तुम्हाला एका छोट्या वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर दुसरा भाग शोधा.

## टप्पा 3: मुलाच्या आधी एकट्याने बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. दहा मिनिटांचं काम आहे. आदल्या रात्री करून टाका. बघताना कागदावर चार नोंदी करा.

1. थांबायची जागा. निकाल कळण्याच्या अगदी आधीचा क्षण. वस्तू हातात आहे, पाण्यात पडायची आहे, तिथे. अशा एक किंवा दोन जागा पुरेत.
2. शब्द. नवे दोन-तीन शब्द निवडा आणि ते घरच्या भाषेत कसे म्हणाल हे ठरवून ठेवा. भाग दुसऱ्या भाषेत असेल तर ही नोंद जास्तच गरजेची. ऐन वेळी शब्द सुचत नाही आणि आपण परका शब्दच पुढे ढकलतो.
3. पडद्याने केलेली ओढाताण. बी दहा सेकंदांत उगवतं, मुंगी हत्तीएवढी दिसते, बर्फ क्षणात वितळतो. अशा जागांवर खूण करा; टप्पा 8 मध्ये त्या लागतील.
4. चूक. भागात काही सरळ चुकीचं सांगितलं असेल, उदाहरणार्थ ‘जड वस्तू बुडतात’, तर तो भाग दाखवू नका. पुढे दुरुस्ती करू असं म्हणून चालत नाही. गाण्यातून बसलेलं वाक्य लवकर निघत नाही.

## टप्पा 4: साहित्य टीव्ही लावण्याच्या आधी मांडा

बुडण्या-तरंगण्यासाठी लागणाऱ्या वस्तू: पसरट, शक्यतो पारदर्शक भांडं, अर्ध्यापर्यंत पाणी, खाली जुना टॉवेल. मोठा लाकडी ठोकळा, नाणं, स्टीलचा चमचा, प्लॅस्टिकचं झाकण, दगड, स्पंज, मुठीएवढी तेलकट माती म्हणजे खेळायची क्ले, आणि दोन संत्री. सगळं ताटात ठेवून वर कापड झाका. झाकलेलं असलं की मूल भाग सोडून त्याच्याकडे धावत नाही, पण तिथे काहीतरी आहे हे त्याला ठाऊक असतं.

वस्तू विचार करून निवडा. ‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं’ ही समजूत जवळजवळ प्रत्येक मुलात असते. ताटात जड दगड आणि हलकं पीस एवढंच ठेवलं तर प्रयोगाने ती आणखी पक्की होईल. मोठा लाकडी ठोकळा नाण्यापेक्षा कितीतरी जड असूनही तरंगतो. ताटात ही जोडी असलीच पाहिजे.

सावध: पाण्याच्या भांड्याजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, थोड्याशा पाण्यातही अपघात होतो. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना नाण्यासारख्या लहान वस्तू तुमच्या हातूनच द्या. विषय चुंबक किंवा वीज असेल तर छोटी शक्तिशाली चुंबकं आणि बटण सेल घरातल्या प्रयोगात अजिबात नकोत. गिळलेली दोन चुंबकं आतड्याच्या पडद्यांमधून एकमेकांना ओढून भोकं पाडू शकतात, आणि बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं. मोठी, आवरणात बसवलेली चुंबकं वापरा.

## टप्पा 5: पाहण्याआधीचा एक प्रश्न

टीव्ही लावण्याआधी ताटातली एकच वस्तू बाहेर काढा आणि मुलाच्या हातात द्या. ‘ही पाण्यात सोडली तर काय होईल?’ उत्तर आलं की ‘तुला असं का वाटतं?’ एवढंच विचारा आणि ऐका. वस्तू परत ताटात. अजून पाण्यात टाकायची नाही.

उत्तर चुकलं तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका. ‘बरं, पाण्यालाच विचारू या’ हे वाक्य माझ्या फार आवडीचं आहे. बरोबर-चूक ठरवण्याचं काम ते आपल्याकडून काढून पाण्याकडे देतं, आणि विज्ञानात ते तिथेच असायला हवं.

तपासा: मुलाने स्वतःचा अंदाज बोलून दाखवला का? नसेल तर बोटाने दाखवलं तरी चालेल, ‘खाली’ की ‘वर’. अंदाज न करता पाहिलेला भाग गोष्ट म्हणून पाहिला जातो, आणि मग मूल उत्तराची वाट बघत नाही.

## टप्पा 6: पाहताना

शेजारी बसा, मागे नको. ऑटोप्ले आधीच बंद करा, नाहीतर तुमची दहा मिनिटं संपताच पुढचा भाग सुरू होतो आणि उरलेला वेळ रिमोटवरून रडण्यात जातो.

ठरवलेल्या जागी पॉज करा. पालकांनी व्हिडिओ थांबवून गोष्टीबद्दल प्रश्न विचारले तेव्हा तीन वर्षांच्या मुलांना गोष्ट जास्त समजली आणि शब्दही जास्त आले, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. प्रश्नांची जात मात्र महत्त्वाची.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न फक्त नाव मागतो. ‘आता काय होईल?’ अंदाज मागतो. ‘तिने मघाशी काय केलं होतं?’ आठवण मागतो. ‘तू असं कधी पाहिलं आहेस?’ पडदा घराशी जोडतो. शेवटचे तीन विचारा. आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मोठ्यांना ही शांतता फार लांब वाटते, म्हणून ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मुलाला तेवढा वेळ लागतोच.

दोनपेक्षा जास्त वेळा थांबवू नका. सारखं थांबवलं तर गोष्टीचा धागा तुटतो, मूल चिडतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला शेजारी बसूच देत नाही. पडद्यावरचं पात्र प्रश्न विचारून थांबत असेल तर तिथे तुम्ही गप्प राहा. ती जागा मुलाची आहे.

सावध: भाग संपल्यावर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही आणि आपली परीक्षा चालली आहे हे मात्र त्याला लगेच कळतं.

## टप्पा 7: पडदा बंद, हात पाण्यात

भाग संपला की लगेच कापड काढा. मध्ये दुसरं काही नको. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि कृतींचा क्रम बदलू नका.

पहिली फेरी: मोकळं खेळणं. तीन-चार मिनिटं काही न सांगता वस्तू पाण्यात टाकू द्या. पाणी सांडेल, स्पंज पिळला जाईल. ही फेरी वगळली तर पुढच्या सगळ्या सूचना वाया जातात, कारण मुलाचा जीव अजून त्या शिंतोड्यांतच असतो.

दुसरी फेरी: अंदाज, मग कृती. सगळ्या वस्तू बाहेर काढा. आता प्रत्येक वस्तू मुलाने हातात घ्यायची, ‘खाली’ किंवा ‘वर’ म्हणायचं आणि मग अलगद सोडायची. बुडालेल्या वस्तू टॉवेलच्या एका बाजूला, तरंगलेल्या दुसऱ्या बाजूला. स्पंज अवघड आहे, आधी तरंगतो आणि पाणी प्यायला की खाली जाऊ लागतो. त्याला शेवटी घ्या. लाकडी ठोकळा आणि नाणं एकापाठोपाठ घ्या. आधी दोन्ही मुलाच्या दोन हातांत द्या, ‘जड कोणतं?’ विचारा, मग पाण्यात. ठोकळा वर आणि नाणं तळाशी दिसलं की मूल थांबतं, पुन्हा करून बघतं. त्याला हवं तितक्या वेळा करू द्या.

तिसरी फेरी: एकच गोष्ट बदला. मातीचा गोळा पाण्यात सोडा, बुडेल. तोच गोळा काढा, पुसा, मुलासमोर पसरट वाटीसारखा दाबा, कडा उंच करा आणि पाण्यावर ठेवा, तरंगेल. माती तीच, वजन तेच, बदलला तो फक्त आकार. कडा पातळ राहिल्या किंवा चीर पडली तर वाटीत पाणी शिरून ती बुडते, म्हणून आदल्या दिवशी एकदा करून बघा. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी संत्र्याची जोड द्या: सालासकटचं संत्रं तरंगतं, सोललेलं बहुतेक वेळा बुडतं, कारण सालीत हवेचे बारीक कप्पे असतात. साल काढल्यावर संत्रं हलकं झालं, तरी बुडालं. मोठी माणसंही इथे चकित होतात.

घनता समजावून सांगायचा मोह आवरा. या वयात ‘फक्त जड असणं पुरत नाही, आकार आणि आत काय भरलं आहे तेही बघावं लागतं’ इथपर्यंत मूल स्वतः आलं तर खूप झालं. ते वाक्य तुम्ही म्हणू नका. ‘मघाशी बुडालेली माती आता का बुडत नाही?’ एवढं विचारून थांबा.

तपासा: आधी न दाखवलेली एक वस्तू द्या, उदाहरणार्थ टोपण घट्ट लावलेली रिकामी बाटली. अंदाज करताना मूल वजनाशिवाय आणखी काही बोललं, ‘आत हवा आहे’ किंवा ‘ही पसरट नाही’ असं काहीही, तर काम झालं. अंदाज चुकला तरी हरकत नाही.

## टप्पा 8: पडद्यावरचं आणि खरं

तीन वर्षांच्या मुलांना पडद्यावरचं चित्र आणि खरी वस्तू यांतला फरक पुरता उमगलेला नसतो. 1990 मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात या वयाच्या मुलांना विचारलं होतं की टीव्हीत पॉपकॉर्नचं भांडं दिसतंय, तर टीव्ही उलटा केल्यावर पॉपकॉर्न सांडेल का? बरीच मुलं ‘हो’ म्हणाली. चार वर्षांपर्यंत हे बरंच सुधारतं, पण काळ आणि आकार यांचा गोंधळ पुढेही राहतो.

टप्पा 3 मधल्या खुणा आता काढा. आकारासाठी पडद्यावरची मुंगी आणि अंगणातली मुंगी एकाच दिवशी दाखवा. काळाचा गोंधळ जास्त त्रासाचा. पडद्यावर दहा सेकंदांत उगवलेलं बी घरी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं की मूल म्हणतं, ‘आपलं बिघडलं.’ म्हणून पेरण्याच्या वेळीच सांगा की टीव्हीवाल्यांनी बरेच दिवस फोटो काढून ते भरभर दाखवले आहेत. मग तुम्हीही रोज त्याच जागेवरून एक फोटो काढा आणि शेवटी सलग सरकवून दाखवा. ही युक्ती दहा खुलाशांपेक्षा जास्त कामाची आहे. कडधान्य पाण्यात बुडवून ठेवलं तर हवा न मिळाल्याने कुजतं. ओल्या कापडात ठेवा. कोंब फुटायला ऊन लागत नाही, नंतर वाढायला लागतं.

बर्फाच्या भागासोबत एक प्रयोग जरूर करा. दोन सारखे खडे घ्या, एक उघडा ठेवा, दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळा. बहुतेक मुलं म्हणतील की टोपीतला आधी वितळेल, कारण ‘टोपी गरम असते’. वितळतो उघडा आधी. टोपी स्वतः उष्णता देत नाही, बाहेरची उष्णता आत यायला अडवते. सावलीच्या भागासाठी सूर्याकडे बघायचं नाही हा नियम पक्का करून टॉर्च घ्या. वस्तू टॉर्चच्या जवळ नेली की भिंतीवरची सावली मोठी होते.

## टप्पा 9: तोच भाग पुन्हा

नवा भाग शोधायची घाई नको. 1996 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या कोडी सोडवण्याच्या मालिकेचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जायचा. मुलं कंटाळली नाहीत. उलट भाग जसा ओळखीचा होत गेला तशी ती पडद्याला उत्तरं द्यायला लागली आणि त्यांची समजही वाढली.

प्रयोगानंतर एक-दोन दिवसांनी तोच भाग लावा. या वेळी थांबवू नका, प्रश्न नकोत. मूलच सांगू लागेल: ‘आता तो बुडणार बघ’, ‘आपलं संत्रं तर बुडलं होतं’. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवा. मुलाला काय समजलं हे त्यातून कळतं आणि पुढचा विषयही त्यातूनच मिळतो. चित्र काढायचं असेल तर पाण्याची रेघ तुम्ही ओढून द्या. वस्तू रेघेच्या वर की खाली काढायची, हे त्याने ठरवायचं.

## बालवाडीत करताना

मुलं जास्त असतील तर भाग सगळ्यांनी एकत्र बघावा, पाणी मात्र चार-पाच जणांच्या गटात. एकच भांडं मध्ये ठेवून ताईंनी करून दाखवलं तर तो दुसरा कार्यक्रम होतो, मुलं पुन्हा प्रेक्षकच राहतात. अंदाज सगळ्यांसमोर तोंडी विचारू नका. पहिल्याने ‘खाली’ म्हटलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. प्रत्येकाला एक खडा द्या आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ असं चित्र असलेल्या दोन डब्यांपैकी एकात टाकायला सांगा. अंदाज स्वतःचा राहतो आणि बुजरं मूलही भाग घेतं.

## मूल तयार नसेल तर

भाग चालू असताना मूल उठून गेलं तर टीव्ही बंद करा आणि ताट उघडा. पाण्यात रमलं तर तेवढ्यावर थांबा, भाग दुसऱ्या दिवशी. पाण्यातही रस नसेल तर सगळं आवरून ठेवा आणि विषय बदला. विषय टिकला तर एक भाग आणि त्याचे प्रयोग आठवडाभर सहज पुरतात. मूल अंघोळीच्या बादलीत स्वतःहून वस्तू टाकून बघायला लागलं, की त्या विषयाचा टीव्ही थांबवा आणि बादलीजवळ बसा.